नाताळचे परके घर

ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे धावत नाही. लंडनची भुयारी रेल्वे बंद असते, बहुतेक गावांतील बसगाड्या आगारातच उभ्या असतात, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानाने त्या दिवशी दार उघडले तर तो कायद्याचा भंग ठरतो. हा कायदा २००४ सालचा. संवत्सरीच्या दिवशी कोणी न सांगता पेढ्या बंद ठेवणाऱ्या आपल्या समाजाला दुकान बंद ठेवण्याचे नवल नाही. तथापि ज्या देशाला जग एकेकाळी दुकानदारांचे राष्ट्र म्हणत असे, त्या देशाला वर्षातील एका दिवसासाठी संसदेत कायदा करावा लागला, ही गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला या बंदचा अर्थ पहिल्याच डिसेंबरात कळतो. विद्यापीठे नाताळच्या तोंडावर बंद होतात, ती नव्या वर्षातच उघडतात. ग्रंथालय, उपाहारगृह, कार्यालय, सर्वत्र कुलूप. वसतिगृहाची खोली हाताशी असते, तिचे भाडेही भरलेले असते. परंतु मजल्यावरची मुले आपापल्या गावी निघून गेलेली असतात. विमानाचे भाडे नेमके याच पंधरवड्यात चढते, म्हणून भारतातील मुले सहसा घरी येत नाहीत. दिवाळी अभ्यासाच्या धबडग्यात निसटून गेलेली असते, आणि सबंध देश आपल्या घरात शिरून दार लावून घेतो तेव्हा हे विद्यार्थी खिडकीशी उभे असतात.

बार्शीच्या एका भुसार व्यापारी कुटुंबातील मुलगी लीड्सला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली, तेव्हा तिच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. विद्यापीठातील सूचनाफलकावर तिला एक पत्रक दिसले. नाताळचे दोन-तीन दिवस एखाद्या ब्रिटिश कुटुंबात पाहुणे म्हणून राहायचे. कुटुंब पैसे घेत नाही, विद्यार्थ्याने जाण्यायेण्याचा खर्च तेवढा करायचा. ही कल्पना त्या देशात नवी नाही. ‘होस्ट यूके’ ही संस्था १९८७ मध्ये परराष्ट्र खाते, ब्रिटिश कौन्सिल आणि व्हिक्टोरिया लीग यांच्या पुढाकाराने याच कामासाठी स्थापन झाली. काही चर्चही असे आतिथ्य घडवून आणतात. योजना कोणाची आहे, यजमानांची पारख कोण करते, अडचण आल्यास दूरध्वनी कोणाला करायचा, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहून घेणे उचित. मुलीने ते पाहिले आणि मगच घरी विषय काढला.

वडिलांचा पहिला प्रश्न रोकडा होता: ‘फुकट कोण कुणाला तीन दिवस ठेवतो?’ आडत दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडला, यात त्यांचा दोष नाही. जिथे देणे आहे तिथे घेणे असणारच, हा हिशेब त्यांच्या रक्तात. शिवाय परके घर, परका धर्म, त्यातून त्यांचा सर्वांत मोठा धार्मिक सण, आणि मुलगी एकटी. आईला थंडीची काळजी होती. काकांना धर्मांतराची शंका आली. आजीने मात्र सगळे ऐकून घेऊन एकच विचारले: ‘तिथं दिवस कधी मावळतो?’

आजीचा प्रश्न सर्वांत नेमका होता, कारण त्याला उत्तर होते. यॉर्कशायरमध्ये डिसेंबरअखेर सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे नवकारसी नऊ वाजून गेल्यावर, आणि चौविहार दुपारच्या चहाच्या वेळेला. साडेसात तासांचा तो दिवस. मुलगी नेहमीच्या दिवसांत हे जमवीत असे. तिची शेवटची तासिका चारला संपे, म्हणून ती तीनच्या सुटीत डबा उघडून बसे. प्रश्न होता तो दुसऱ्याच्या घरच्या मेजवानीचा.

इथे इंग्रजांच्या रीतीने तिला अनपेक्षित हात दिला. इंग्लंडमध्ये नाताळचे मुख्य जेवण रात्रीचे नसते. ते २५ तारखेला दुपारी एक ते तीनच्या दरम्यान होते आणि पुष्कळ घरांत तीनच्या ठोक्याला राजाचे भाषण ऐकण्यासाठी सगळे उठतात. पाचव्या जॉर्जने १९३२ मध्ये नभोवाणीवरून पहिले भाषण केले, तेव्हापासूनची ही प्रथा. सूर्यास्ताला तेव्हा पाऊण तास उरलेला असतो. जर्मनीत गेलेल्या मुलामुलींना ही सोय नाही. तिथला खरा सोहळा २४ तारखेच्या संध्याकाळी, दुकाने दुपारी दोनपर्यंत बंद झाल्यावर, अंधार पडल्यानंतर सुरू होतो. आणि पुष्कळ जर्मन घरांत त्या रात्री बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असा साधा बेत असतो, म्हणजे आपल्या दृष्टीने ताटात काही उरतच नाही. पोलंडमध्ये आकाशात पहिली चांदणी दिसल्यावरच पान मांडतात. पण त्या पोलिश पंगतीत एक ताट रिकामे ठेवलेले असते, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. अतिथिसंविभाग व्रत ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या रिकाम्या ताटाचे मोल निराळे समजावून सांगायला नको.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर यजमानांच्या पहिल्या पत्रात आपोआप मिळाले. नवराबायको दोघेही निवृत्त शिक्षक, स्किप्टनजवळच्या खेड्यात राहणारे. मुलगा सिडनीत स्थायिक झालेला. तो दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. त्यामुळे घरात एक खोली रिकामी असते, आणि टर्कीचा सर्वांत लहान पक्षी आणला तरी दोघांना आठवडाभर पुरतो, असे बाईंनी थोड्या विनोदाने लिहिले होते. टर्कीच्या उल्लेखाने बार्शीच्या घरात क्षणभर शांतता पसरली. पण ‘मुलगा सिडनीत’ हे शब्द वडिलांनी दोनदा वाचले. मग ते म्हणाले, ‘जा. पण काय खात नाहीस ते आधी लिहून कळव. तिथं जाऊन नको-नको करत बसू नकोस.’

हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. पाहुणचाराच्या बाबतीत आपल्याकडे एक विचित्र सौजन्य रूढ आहे. ‘काय करू?’ असे विचारले की ‘काहीही चालेल’ म्हणायचे, आणि पान वाढल्यावर एकेक पदार्थ बाजूला सारायचा. आपल्याच माणसांत ते खपते, कारण वाढणारीला पाहुण्याचे नियम ठाऊक असतात. परक्या देशातील यजमानीण ‘काहीही चालेल’ हे शब्द जसेच्या तसे खरे धरते. ती महिनाभर आधी तयारी करते, आणि पाहुण्याने ताटात हात न घातल्यावर दोष स्वतःच्या रांधण्याला देते.

‘मी शाकाहारी आहे’ एवढे लिहूनही भागत नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ मांस-मासे न खाणारा इतकाच. अंडे त्यात येते, कांदा-बटाट्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. ही अडचण सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. मोहनदास गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टरीसाठी विलायतेला निघाले, त्यापूर्वी त्यांच्या आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये ते ज्या घरी भाड्याने राहिले, तिथल्या विधवा बाईंच्या दोन मुली त्यांना पावाचा एखादा जादा तुकडा आग्रहाने वाढीत. त्यांची भूक मात्र अख्ख्या पावाची होती आणि संकोचामुळे ते मागत नसत. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले, पोट भरले, आणि मग नवाच पेच पडला. अंडे म्हणजे मांस नव्हे, असे तिथले पुष्कळ शाकाहारी मानीत. गांधींनी निर्णय केला तो असा: प्रतिज्ञेचा अर्थ आईच्या मनात जो होता तोच खरा. त्यानंतर केक आणि पुडिंगमध्ये काय काय घातले आहे याची चौकशी करणे त्यांना भाग पडले आणि अनेक आवडते पदार्थ सोडावे लागले. आत्मकथेतील ही पाने परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने निघण्यापूर्वी वाचावीत. शंभर सूचनांचे काम ती करतात.

लीड्सच्या मुलीने आपले पत्र लिहायला घेतले तेव्हा पहिला मसुदा दोन पाने झाला. कंदमूळ का नको, अनंतकाय म्हणजे काय, तिथीला हिरवी भाजी का वर्ज्य, शिळे का खात नाहीत, सारे त्यात होते. रात्री तिने तो पुन्हा वाचला आणि तिच्या लक्षात आले की हे पत्र वाचून कोणतीही बाई आमंत्रण मागे घेईल. नियमांचे तिने मग दोन भाग केले. यजमानीण ज्याची काळजी घेऊ शकेल ते एका बाजूला. आणि जे आपण आपल्यापुरते, न बोलता, एखादा पदार्थ टाळून पाळू शकतो ते दुसऱ्या बाजूला. तिथीचा नियम दुसऱ्या बाजूला गेला. शिळ्याचाही गेला. आपल्या व्रताचा भार आपणच वाहायचा असतो, यजमानाच्या माथी किती टाकायचा याला मर्यादा हवी. ती मर्यादा ओळखणे हा व्रताचाच भाग मानायला हरकत नसावी.

उरले ते आठ ओळींत बसले. मांस, मासे, अंडी नाहीत, जिलेटिन नाही, जमिनीखाली वाढणारे कंद नाहीत, म्हणजे बटाटा, कांदा, लसूण, गाजर नाही, अळंबी नाही, मध नाही, अंजीर नाही, स्वयंपाकातसुद्धा मद्य नाही. दूध, दही चालते. प्राणिज रेनेट नसलेले चीज चालते. जमिनीवरच्या सगळ्या भाज्या, डाळी, तांदूळ, फळे, सुकामेवा आनंदाने. सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही, तेव्हा रात्री माझ्यासाठी थांबू नये. आणि शेवटची ओळ: एक पदार्थ मी करू शकले तर मला फार आवडेल. अशा पत्राचा आणखी एक सोपा मार्ग तिला पुढे समजला. ‘व्हीगन’ हा शब्द आता त्या देशात सर्वांना कळतो. व्हीगन सोसायटी तिथे १९४४ पासून आहे आणि वेष्टनांवर तशी खूण असते. व्हीगन पदार्थात अंडे, जिलेटिन, मध, रेनेट हे सारे आपोआप वगळले जाते. कंदमूळ, अळंबी, अंजीर आणि मद्य मात्र वेगळे सांगावे लागते.

उत्तर तीन दिवसांत आले. बाईंनी यादी स्वयंपाकघरात लावली होती आणि त्यांना एकच शंका होती: शेंगदाणे जमिनीखालीच वाढतात ना, मग ते चालतात का?

मुलीजवळ उत्तर नव्हते. शेंगदाण्याची चटणी ती लहानपणापासून रोज खात आली होती. बार्शीच्या घरात शेंगदाण्याची पोती मोजता मोजता तीन पिढ्या गेल्या. आणि हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. आजीला दूरध्वनी गेला. आजी म्हणाली, ‘अगं, तो कंद नव्हे, बी आहे. शेंग जमिनीखाली धरते इतकंच.’ मग थोडे थांबून तिने विचारले, ‘त्या बाईनं हे स्वतःहून विचारलं?’ काकांची धर्मांतराची शंका त्या दिवसानंतर कोणी फारशी मनावर घेतली नाही.

नाताळच्या इंग्रजी पंगतीत आपल्या माणसाला कुठे कुठे सावध राहावे लागते, हे एकदा सांगून टाकलेले बरे. भाजलेले बटाटे पुष्कळ घरांत हंसाच्या चरबीत परततात. पांढऱ्या गाजरासारखे दिसणारे पार्सनिप हे कंदच. मिन्स पाय नावाच्या गोड करंजीवजा पदार्थात आता मनुका-बेदाण्यांचे सारण असते, पण जुन्या पद्धतीत त्यात गाईची चरबी पडते. नाताळचे पुडिंग तर आगमनपर्वाच्या आदल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, शिजवून मुरत ठेवतात. त्यात चरबी, अंडी आणि ब्रँडी असते, आणि वाढताना वर आणखी ब्रँडी ओतून पेटवतात. निळसर ज्योत दिसायला सुंदर असते. ती पाहावी आणि पुढच्याला वाटी द्यावी. या यादीकडे पाहून खायला काय राहिले असे वाटेल. पण लहान लहान गड्ड्यांची ब्रसेल्स कोबी, मटार, सफरचंद घालून शिजवलेला लाल कोबी, भाजलेला लाल भोपळा, चेस्टनट, क्रॅनबेरीचा आंबटगोड मुरंबा, हे सारे त्याच टेबलावर असते. फक्त ते लोण्या-तेलात वेगळे शिजवायला हवे, आणि त्यासाठी आधी कळायला हवे.

२४ तारखेला दुपारी मुलगी पोहोचली. पिशवीत खाकरे होते, मुगाची डाळ होती, हिंगाची डबी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली होती, आणि भेट म्हणून सोलापुरी चादर होती. रात्री अकराला गावच्या चर्चमध्ये प्रार्थना असते. यजमान जाणार होते. ‘तू आली नाहीस तरी चालेल, घरात शेकोटी आहे,’ असे बाईंनी दोनदा सांगितले. ती गेली. मागच्या बाकावर बसली, सगळे उभे राहिले तेव्हा उभी राहिली, गाणी ऐकली. पाव आणि मद्याचा प्रसाद घेण्यासाठी लोक पुढे गेले तेव्हा ती जागेवर थांबली. तिच्यासारखे आणखी चारपाच जण बसून होते, त्यांपैकी काही तिथलेच गावकरी. कोणी वळूनही पाहिले नाही. परतल्यावर झोपण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे नवकार म्हटला. ही गोष्ट तिने वडिलांना सांगितली तेव्हा ते इतकेच म्हणाले की मंदिरात आलेला परका माणूस मागे शांत बसून राहिला तर आपल्यालाही चांगलेच वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नऊपर्यंत दुधाला शिवली नाही आणि यजमानही तिच्यासाठी न्याहारीला थांबले, तिने थांबू नका म्हटले असतानाही. त्याच वेळी सिडनीत रात्र होत होती. टेबलावर फोन उभा करून ठेवला गेला, पडद्यावर मुलगा, सून आणि एक लहान नात आली. नातीने भेटवस्तूचा कागद पडद्यासमोर धरला, आणि आजोबांनी इकडून हात पुढे केला. बोलणे संपल्यावर बाई बराच वेळ सिंकपाशी पाठ करून उभ्या होत्या. मुलगी उठली आणि न विचारता कोबीच्या गड्ड्यांचे देठ कापायला बसली. बार्शीला तिच्या आईचेही दर रविवारी फोन ठेवल्यावर असेच होत असेल, हे तिला त्या सकाळी प्रथम जाणवले. वडिलांचा रोकडा प्रश्न, फुकट कोण ठेवतो, तो एका अर्थी बरोबरच होता. घेणे होते. फक्त ते कोणत्या खात्यावर लिहायचे हे रोजमेळात बसणारे नव्हते.

दुपारच्या जेवणात तिने जिरे-हिंगाच्या फोडणीची मुगाची डाळ केली. हिंगाच्या वासाने यजमान खिडकी उघडायला उठले आणि पुन्हा बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांनी वाटी पुढे केली. तिच्या ताटासाठी बाईंनी स्वतंत्र भांडे, स्वतंत्र डाव ठेवला होता. मध्यभागी टर्की होती, आणि ती नव्हतीच असे समजण्याचा आव मुलीने आणला नाही. तिने आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घेतली, बस्स. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी असे आमंत्रण स्वीकारू नये, यात कमीपणा काही नाही. मात्र स्वीकारल्यावर यजमानाच्या ताटाकडे पाहून तोंड वाकडे करण्याचा अधिकार पाहुण्याला उरत नाही.

खरा कसोटीचा प्रसंग जेवणात आलाच नाही. तो भेटवस्तूंच्या वेळी आला. आपल्याकडे आहेर देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. तिकडे उघडून दाखवला नाही तर देणाऱ्याला वाईट वाटते. सोलापुरी चादर सोफ्यावर पसरली गेली, तिच्या विणीवरून हात फिरले. मग मुलीने आपली पेटी उघडली. आत तपकिरी रंगाचे, मऊ अस्तराचे हातमोजे होते. चामड्याचे.

आठ ओळींच्या पत्रात चामड्याचा उल्लेख नव्हता. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते. ती म्हणाली की रंग तिच्या कोटाला अगदी शोभणारा आहे, आणि ते खरे होते. आभार मानले, तेही खरे. हातमोजे तिने हातात घातले नाहीत, पेटी मांडीवर राहिली. काही जण म्हणतील की विषय इथेच मिटवायला हवा होता. नंतर ती जोडी एखाद्या मैत्रिणीला देता आली असती, आणि म्हाताऱ्या माणसांचे मन राहिले असते. दुसरे म्हणतील की तिथल्या तिथे स्पष्ट सांगायला हवे होते. चारचौघांत सांगणे हा आपल्या नियमाचा देखावा झाला असता. न सांगणे म्हणजे त्या बाईंना पुढच्या प्रत्येक थंडीत खोट्या समाधानात ठेवणे झाले असते. मुलीने संध्याकाळची वाट पाहिली. सूर्य मावळून गेला होता, बाई भांडी विसळत होत्या आणि ती पुसत होती. तेव्हा तिने सांगितले.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लोकर चालते का?’ लोकर घरात सगळे वापरत होते. बाईंनी हात पुसले, पेटीचा तळचा कागद उचलला आणि खालून एक चिठ्ठी काढून दिली.

व्यापारी वाचकांनी या चिठ्ठीकडे जरा लक्ष द्यावे. भेट म्हणून वस्तू घेताना तिथली दुकाने एक वेगळी पावती देतात. तिच्यावर वस्तूचा तपशील असतो, किंमत छापलेली नसते. ज्याला भेट मिळाली त्याला ती पावती दाखवून वस्तू बदलून घेता येते. देणाऱ्याने किती खर्च केला हे त्याला कळत नाही, आणि बदलण्यात कोणाचा अपमानही होत नाही. नाताळनंतर दुकानांत अशा बदलून घेणाऱ्यांची गर्दी असते, आणि बदलायला आलेला माणूस बहुधा आणखी काही घेऊन जातो, हे तिथल्या दुकानदाराला पक्के ठाऊक असते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या पेठांत आजही गणपतीच्या तसबिरीइतक्याच निष्ठेने लावलेली दिसते. ती उतरवली तर किती नुकसान होते याचा हिशेब एकदा प्रत्यक्ष करून पाहायला हरकत नसावी.

२६ तारीख तिथे आदल्या दिवसाच्या उरलेल्या अन्नावर जाते. मुलीने ताजा भात आणि मटार एवढेच करून घेतले, कारण सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. दुपारी गावाबाहेर दगडी कुंपणांच्या शेतांतून तिघे फिरून आले. २७ तारखेला रेल्वे पुन्हा सुरू झाली. स्टेशनला जाताना स्किप्टनच्या दुकानात हातमोजे बदलून झाले. लोकरीची जोडी स्वस्त निघाली, म्हणून फरकाच्या रकमेत बाईंनी तिला एक टोपीही निवडायला लावली.

मराठी मुलुखातील व्यापारी कुटुंबांना यजमानपद अगदीच अपरिचित नाही. रोटरीच्या युवा विनिमय योजनेतून परदेशी मुले वर्षभरासाठी येतात आणि एकापेक्षा अधिक घरांत राहतात. आपल्या समाजातील कुटुंबेही त्यांना ठेवून घेतात. पण तो विनिमय झाला. आपले मूल तिकडे जाते म्हणून त्यांचे मूल इकडे येते. पुण्यात आफ्रिकेतून आणि आखाती देशांतून आलेली कितीतरी मुले शिकतात. दिवाळीत त्यांच्याही खाणावळी बंद होतात, वसतिगृहे ओस पडतात. साधर्मिक वात्सल्याची थोर परंपरा आपल्याकडे आहे, तीर्थक्षेत्री भोजनशाळा आहेत, धर्मशाळा आहेत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र दारातून आत येणारा माणूस ओळखीचाच असतो. बार्शीच्या त्या वडिलांनी हे स्वतः बोलून दाखवले. पुढच्या दिवाळीत त्यांच्या पुण्यातील भाच्याने आपल्या महाविद्यालयातील दोन केनियन मुलांना बार्शीला आणले. त्यांनी आधी पत्र पाठवले नव्हते. ‘काहीही चालेल’ म्हणाले, आणि तिखट शेवेने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आले. आजीने त्यांच्यापुढे दहीभात ठेवला.

लीड्सला परतल्यावर मुलीने हाताने लिहून आभाराचे पत्र धाडले. तिकडे ही रीत अजून आवर्जून पाळतात आणि फोनवरचा निरोप त्याची जागा घेत नाही. अभ्यासक्रम संपला, तिला तिथेच नोकरी लागली. पुढच्या नोव्हेंबरात खेड्याहून एक पाकीट आले. बाईंनी लिहिले होते की येत्या रविवारी पुडिंग शिजवायचे आहे, या वेळी दोन भांडी लावणार आहे, एक नेहमीचे आणि एक लहान. लहान भांड्यातील घटकांची यादी खाली होती. चरबीऐवजी नारळाचे तेल, अंड्याऐवजी सफरचंदाचा गर, ब्रँडीऐवजी संत्र्याचा रस, अंजीर नाही, आणि ते मुरवत न ठेवता २५ तारखेच्या सकाळीच वाफवणार. शिळ्याविषयी मुलीने कधी चकार शब्द काढला नव्हता. यादीखाली एक प्रश्न होता: मनुका वेलीवर लागतात, हे मी पुस्तकात पाहून घेतले आहे, तरी तुझ्या आजीला एकदा विचारशील का?